मेश्राम मॅडमचा टेम्पो

कंपनीच्या आवारात कुणाचीही गाडी येऊन थांबली की मेश्राम मॅडम आधी चाकापाशी वाकायच्या. गाडीतून कोण उतरतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. हाताची पालथी बाजू ब्रेकच्या ड्रमजवळ न्यायच्या, टेकवायच्या नाहीत, नुसती धग बघायच्या आणि मान हलवत पुढे जायच्या. एकदा आमच्या विभागाचे मुख्य फडके साहेब गाडीतून उतरत होते आणि मॅडम त्यांच्या मागच्या चाकाशी वाकलेल्या होत्या. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"मॅडम, काही हरवलंय का?"

"हरवलंच आहे सर. डिझेल," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "ब्रेक फार दाबता तुम्ही."

फडके साहेबांना असं बोलणारं कंपनीत दुसरं कुणी नव्हतं. साहेब सदाशिव पेठेतले. एखाद्याला चार शब्दांत गप्प करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. पण मॅडम गप्प होण्याइतका वेळ एका जागी उभ्याच राहत नसत.

मी त्याच विभागात चाचणीचं काम बघायचो. गाडी चालवायची, काय झालं ते वहीत लिहायचं, वही वर पाठवायची. राहायला कसब्यात, तांबट आळीत. आमच्या घरातला पुरुष सकाळी भांड्यावर ठोके घालायला बसला की जेवायलाच उठायचा. वडील तसे, आजोबा तसे. मी तांब्याचं काम सोडून नोकरी धरली, पण बैठक तीच राहिली. म्हणूनच कदाचित या बाईंकडे मी इतका बघत राहायचो. त्यांना बसता म्हणून येत नसे. खुर्चीवर ड्रॉइंगची भेंडोळी, आणि त्या स्वतः टेबलाभोवती. चहासुद्धा चालता चालता. अर्धे प्यालेले कप आम्हाला लेथवर, खिडकीत, एकदा तर उघड्या गिअरबॉक्सच्या आत सापडले होते.

सुजाता मेश्राम मूळच्या नागपूरच्या. वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. शाळेत असताना मॅडम वडिलांचा डबा घेऊन तिथे जायच्या आणि तिथेच रेंगाळायच्या. पुण्यात दहा वर्षं काढून आणि इंग्रजीत उत्तम रिपोर्ट लिहूनही त्यांची बोली सुटली नव्हती. "काय करून राहिले, वडके?" म्हणत त्या माझ्या टेबलापाशी यायच्या. विभागातली मंडळी मागे त्यांची नक्कल करायची. एकाने तर तोंडावर सांगितलं, "मॅडम, 'करून राहिले' नाही, 'करताय' म्हणायचं." मॅडमनी त्याच्या हातातलं ड्रॉइंग घेतलं, त्यात एक चूक दाखवली आणि म्हणाल्या, "हे आधी बरोबर करा. मग कसंही म्हणा नं."

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांना हार घालून पूजा होई. मॅडम त्या दिवशी हमखास रजेवर. त्या आईला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर जात. "यंत्रांची पूजा, आणि विभागातलं सर्वांत धावणारं यंत्र रजेवर," फडके साहेब दरवर्षी म्हणत. मॅडम परत आल्या की पूजेचे पेढे आणि नागपूरची संत्रा बर्फी अशी देवाणघेवाण होई आणि विषय संपे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाची ही गोष्ट. परदेशी कंपन्या पुण्यात जोडीदार शोधत हिंडत होत्या. आमच्याशीही एका कंपनीची बोलणी चालू होती. संचालकांना वाटत होतं की पाहुण्यांना दाखवायला आपल्याकडे स्वतःचं काहीतरी हवं. मॅडम दोन वर्षं एकच अर्ज पुन्हा पुन्हा देत होत्या: तीन चाकी मालवाहू टेम्पोत डिझेल एंजिनाच्या जोडीला विजेची मोटर बसवून बघू द्या. साहेबांनी अखेर तो मंजूर केला. हडपसरच्या शेडचा एक कोपरा, एक जुना टेम्पो आणि एक वर्ष.

कल्पना तशी समजायला सोपी. गाडी हलताना मोटरीने ढकलायचं, वेग आला की एंजिनाने काम घ्यायचं आणि ब्रेक मारला की त्याच मोटरीचा डायनॅमो होऊन बॅटरी भरायची. चाकाशी जी धग वाया जाते, ती परत गाडीत. आजकाल शाळेतली मुलंही हे सांगतील. तेव्हा मात्र आमच्या विभागात निम्म्या लोकांना हे थोतांड वाटत होतं आणि उरलेल्यांना मोठी मोटर, मोठी बॅटरी बसवून वेगाचा विक्रम करायचा होता. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ठरलेल्या बॅटऱ्यांपैकी निम्म्या काढून टाकल्या. "माल वाहायला टेम्पो करून राहिलो, की बॅटऱ्या वाहायला?"

आणि मग त्या शेडमधून नाहीशा झाल्या. चौथ्या दिवशी साहेबांनी मला शोधायला पाठवलं. मॅडम मार्केट यार्डात होत्या.

बटाट्याच्या गाळ्यांसमोर टेम्पोंची रांग लागली होती. त्यातल्या एका टेम्पोत, ड्रायव्हरशेजारच्या फळकुटावर मॅडम बसलेल्या. बसलेल्या म्हणजे काय, एक पाय बाहेर. मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. ड्रायव्हरचं नाव कोंढरे, मुळशीकडचा माणूस. त्याने मला पाहून सुटकेचा निःश्वास टाकला.

"सायब, तुमच्या हायत का या बाई? चार दिस झालं बसत्यात. गाडी उभी ऱ्हायली की लिवत्यात. म्या म्हनलं, बाई, गाडी तर उभीच हाय, लिवताय काय?"

"उभी आहे तेच लिहून राहिली, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "वडके, पहा. गाडी उभी, एंजिन चालू. भाऊ, बंद काहून नाही करत?"

"बंद केलं तर परत चालू व्हाया धक्का माराया लागतो. धक्का माराया कोन येनार, तुमी?"

"येईन नं," मॅडम म्हणाल्या, आणि त्याने खरंच एंजिन बंद केलं. रांग हलली तेव्हा मॅडम आणि मी पाठीमागून ढकलत होतो आणि दोन हमाल पाठीवरची पोती सावरत हसत होते.

त्या वहीत मॅडमना हवं होतं ते सापडलं होतं. दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ एंजिन उभ्या गाडीत धडधडत असे, आणि उरलेल्यातला बराचसा पाच-दहा पावलं पुढे सरकण्यात जाई. सगळे जण वेगाचा विचार करत होते आणि मॅडमनी त्या दिवशी गाडी रांगेसाठी करायची ठरवली. उभी राहिली की एंजिन आपोआप बंद. सरकताना फक्त मोटर. रस्त्याला लागली की एंजिन.

घोटाळा होता तो या शेवटच्या पायरीला. मोटरीवर चालणाऱ्या गाडीत एंजिन सामील झालं की मागून कुणी लाथ घातल्यासारखा हिसका बसायचा. मोजणारी यंत्रं होती, आलेख निघत होते, पण मॅडमचं समाधान होईना. एक दिवस त्या टेम्पोच्या मागच्या हौद्यात चढल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि हाताची घडी घातली.

"चालवा."

"मॅडम, कशाला तरी धरा."

"धरलं तर कळणार कसं? मी पडली तर क्लच चुकला. चालवा."

मी चालवला. शेडच्या मागच्या रस्त्यावर एंजिनाने क्लच पकडला आणि मागे धप्प आवाज आला. मी थांबून धावत गेलो. मॅडम हौद्याच्या पत्र्यावर बसल्या होत्या, उजवं मनगट डाव्या हातात धरून. चेहरा पांढरा पडला होता.

"किती वेगाला पडली मी? लिहिलं का?"

मी लिहिलं नव्हतं. त्याचा त्यांना मनगटापेक्षा जास्त राग आला. हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून त्या माझ्याआधी शेडमध्ये हजर. डाव्या हाताने वेडीवाकडी ड्रॉइंग काढायच्या आणि वाचता न येणाऱ्या आकड्यांवरून आमच्यावरच चिडायच्या. महिनाभर हिसक्याने कुणाला झोप लागू दिली नाही. मग एका सकाळी त्या आल्या आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "आपण चुकून राहिलो. आधी हात धरून मग पावलं जुळवतो. उलटं करा. एंजिनाने आधी सुटं राहूनच मोटरीचा वेग गाठावा. पावलं जुळली की मग क्लच."

त्यासाठी सगळी मांडणी बदलावी लागली. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी मॅडम प्लास्टरसकट पुन्हा हौद्यात चढल्या. मी आरशात बघत होतो. एंजिन सुरू झालं, क्लच बसला, मॅडम तशाच उभ्या. मी टेम्पो आणखी बराच पुढे नेला. थांबवायला मन होईना.

पाहुणे आले तेव्हा वर्ष संपायला थोडे दिवस उरले होते. परदेशी कंपनीचे तिघे. मॅडमचं म्हणणं, टेम्पो मार्केट यार्डात दाखवू, तो तिथल्यासाठीच केलाय. फडके साहेब म्हणाले, "म्हणजे पाहुण्यांना कांद्यात उभं करायचं? त्यापेक्षा खडकवासल्याला नेऊ. धरण बघतील, कणीस खातील, सही करतील."

ठरलं तसंच झालं. पुढे आमचा टेम्पो, मागे तेवढंच ओझं घेतलेला साधा टेम्पो. हडपसर ते खडकवासला आणि परत. पाहुण्यांनी धरणावर फोटो काढले. परत आल्यावर दोन्ही टेम्पोंचं डिझेल मोजलं. आमच्याला चाळीस टक्के कमी लागलं होतं. फडके साहेबांनी माझी पाठ थोपटली. सगळ्या नोकरीत तेवढं एकदाच.

सगळे पांगल्यावर मी सवयीने बॅटऱ्या तपासल्या. आतल्या आम्लाची घनता काचेच्या नळीने मोजतात, त्यावरून बॅटरी किती भरलेली आहे ते कळतं. बॅटऱ्या सकाळच्या मानाने बऱ्याच उतरल्या होत्या. म्हणजे डिझेल वाचलं होतं त्यातलं पुष्कळसं बॅटरीतून आलेलं. वाचलेलं नव्हे, उसनं घेतलेलं. खडकवासल्याच्या रस्त्यावर थांबण्याचे प्रसंग कमी, ब्रेक कमी, त्यामुळे बॅटरी परत भरायला संधीच मिळाली नव्हती. मी आकडे लिहिले. डिझेलचं पान साहेबांनी मागितलं, ते दिलं. पुढचं पान कुणी मागितलं नाही. ते वहीत राहिलं. दोन दिवस राहिलं.

तिसऱ्या दिवशी संचालक आणि पाहुण्यांची बैठक होती. पंधरा मिनिटं आधी मॅडम माझ्याकडे आल्या. पहिल्यांदाच इस्त्रीची साडी नेसलेली दिसली.

"वडके, परत आल्यावर बॅटऱ्या किती भरलेल्या होत्या?"

मी वहीचं पान उलटून पुढे केलं. त्यांनी माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि समासात हिशेब मांडला. तेवढी बॅटरी पुन्हा भरायला किती डिझेल लागेल, ते धरलं तर काय उरतं.

"चाळीस नाहीत. एकोणीस."

"एकोणीसही वाईट नाहीत, मॅडम."

"वाईट नाहीतच नं. पण चाळीस नाहीत."

बैठकीत मी दाराजवळ वही घेऊन उभा होतो. फडके साहेबांनी पडद्यावर तो आकडा दाखवला. पाहुण्यांपैकी एकाने शेजारच्याकडे पाहून मान डोलावली. मॅडम पुढे आल्या आणि शांत, थांबत थांबत इंग्रजीत म्हणाल्या की हा आकडा चुकीचा आहे. का चुकीचा आहे ते त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. गर्दीच्या ठिकाणी याहून चांगला आकडा येईल असं त्यांना वाटत होतं, पण तशी चाचणी झालेली नाही, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "बॅटरीची नोंद बघायची माझ्याकडून राहिली." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पाहुण्यांनी आभार मानले. फार सभ्य माणसं होती.

बाहेर आल्यावर साहेबांनी आवाज चढवला नाही. "मॅडम, आपल्याला हे कुणी विचारलं होतं?"

"नाही, सर."

"मग?"

"विचारायची वाट पाहिली असती, तर ते लपवणं झालं असतं."

त्या साहेबांना सांगत होत्या. मी दोन पावलांवर उभा होतो आणि काखेतली वही मला एकाएकी फार जड वाटायला लागली.

नंतर त्या मला शेडच्या मागच्या पायऱ्यांवर दिसल्या. बसल्या होत्या. मॅडमना असं नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून जवळ जावं की नाही तेच कळेना.

"एकोणीस कमी असतात का हो, वडके?" त्यांनी विचारलं. "वर्षभर उगाच पळून राहिली का मी?"

"मॅडम, ती वही मी..."

"वही बरोबर होती. पान उलटायचं काम माझं होतं." एवढं बोलून त्या उठल्या, साडी झटकली आणि आत गेल्या. मला जे सांगायचं होतं ते त्यांनी मला सांगू दिलं नाही. ती त्यांची माया होती की शिक्षा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

सह्या झाल्या, पण पाहुण्यांच्या साध्या डिझेल एंजिनावर. आमचं काम 'पुढील सूचनेपर्यंत' थांबवल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. टेम्पो ताडपत्रीखाली गेला. वर्षभराने नव्या एंजिनांसाठी शेडची जागा हवी झाली, तेव्हा तो भंगारात निघाला. मॅडमनी टेम्पो आपल्याला द्यावा असा अर्ज केला. चाचणीची गाडी बाहेर देता येत नाही, तोडूनच द्यावी लागते, असा नियम होता. नियम खरंच होता.

तोडायच्या दिवशी त्या येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. त्या आल्या. गॅसकटरवाल्याने चष्मा चढवला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "थांबा भाऊ. आधी बॅटरीच्या वायरी सोडवू द्या, नाही तर जळाल." त्यांनी स्वतः खाली वाकून वायरी सोडवल्या. मग कुठून कापलं म्हणजे सोपं जाईल ते खडूने आखून दिलं. कटर सुरू झाला तशा त्या टेम्पोभोवती फिरत राहिल्या, एक फेरी, दुसरी फेरी. "मॅडम, ठिणग्या उडतात, लांब व्हा," तो म्हणाला, तेव्हा दोन पावलं लांब होऊन पुन्हा फिरू लागल्या. सांगाडा दोन तुकडे होऊन आडवा झाला आणि त्या कामाला निघून गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला.

ते दिवसच तसे होते. दर सोमवारी विभागातली एखादी खुर्ची रिकामी दिसायची आणि कळायचं, गेला सॉफ्टवेअरमध्ये. हिंजवडीच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या. मॅडमही तिकडेच गेल्या. परदेशातल्या मोटारींत एंजिन आणि मोटर यांचा मेळ घालणारे प्रोग्रॅम लिहायचं काम. म्हणजे जे त्यांनी इथे लोखंडात केलं होतं, तेच तिथे पडद्यावर. ज्या गाड्यांसाठी लिहायचं, त्या गाड्या त्यांनी पाहिलेल्याही नसत. पगार आमच्या तिप्पट असावा. एकदा फोनवर म्हणाल्या, "इथे सगळं आहे, वडके. हात काळे होत नाहीत, एवढंच." मग फोनही कमी होत गेले.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, बऱ्याच वर्षांनी. मला निवृत्त व्हायला दीड वर्ष उरलं होतं. कंपनीची गाडी घेऊन एका पुरवठादाराकडे हिंजवडीला गेलो होतो, परतताना संध्याकाळी वाहतुकीत अडकलो. पुढे-मागे नजर जाईल तिथवर गाड्या. शेजारी कुठल्याशा कंपनीची बस उभी होती. बसचं दार उघडलं आणि एक बाई खाली उतरल्या. केस पांढरे, पाठीवर पोरांसारखी सॅक. गाड्यांमधून वाट काढत चालायला लागल्या. चाल बघून मी काच खाली केली.

"मेश्राम मॅडम."

त्या वळल्या, मला ओळखलं आणि खिडकीशी आल्या. तब्येत, आई, घर, असलं काही विचारलं नाही.

"वडके, मी नोकरी सोडून राहिली. नऱ्ह्याला दोघा-तिघांनी शेड घेतलं आहे. रिक्षाच्या मोटरी करणार. लहान आहे, पण आपलं आहे. सोमवारपासून. तुम्ही येता का? मोजणारा माणूस नाही आमच्याकडे."

"मॅडम, माझं आता दीड वर्ष राहिलं."

"ते मी विचारलं नाही."

"तुम्ही पक्क्या पुणेकर झालात, मॅडम," मी हसून म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. "बसा ना, सोडतो तुम्हाला," मी दार उघडायला हात पुढे केला.

"तुमची गाडी कुठे जाऊन राहिली?" त्यांनी पुढच्या रांगेकडे हात केला. "चालत लवकर पोचेन मी." सॅकचा पट्टा वर ओढून त्या निघाल्या. एका मोटारसायकलवाल्याला हाताने थांबवलं, दोन टँकरमधल्या फटीतून आडव्या होऊन पार झाल्या. पुलाच्या चढावर मला अजून थोडा वेळ ती पाठ दिसत होती, गाड्यांच्या टपांवरून, भराभर लहान होत जाणारी. मग दिसेनाशी झाली. मागच्याने हॉर्न वाजवला, मी गाडी दोन हात पुढे घेतली आणि थांबलो.

सोमवारी सकाळी डबा घेऊन मी स्कूटर काढली. लक्ष्मी रस्त्याच्या सिग्नलला नऱ्ह्याकडे जायला उजवीकडे वळावं लागतं. सिग्नल सुटला, आणि मी सरळ हडपसरला गेलो.